पाचर

आमच्या वाचनालयाची जमीन उत्तरेकडे उतरते आहे.
आधी कळलं ते पेन्सिलीला.
मेजावरून पडली की ती तडक
भूगोलाच्या कपाटाखाली जायची.
मग पोरांना कळलं. गोट्या घेऊन यायला लागली,
कुणाची आधी भिंतीला लागते बघायला.
मी ओरडले. सगळी गेल्यावर दार लावून
मीही एक सोडून पाहिली.

लेना नदीच्या या अंगाला घरं खांबांवर उभी,
खांब गोठलेल्या मातीत रोवलेले.
सासरे सांगत, खड्डे खणताना
पहारेखालून ठिणग्या उडायच्या.
आता त्याच खांबांशी उन्हाळ्यात
मांजर येऊन निजतं, ओलीच्या गारव्याला.

कपाट पुढे झुकलं तेव्हा
त्याच्या डाव्या पायाखाली मी एक पुस्तक सरकवलं.
जिल्ह्याहून आलेलं, सहाशे पानांचं, आलेखच आलेख,
चार वर्षांत कुणी नेलं नव्हतं.
विषय: गोठलेली जमीन आणि तिचं वितळणं.
खरं सांगते, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.
मापाचं होतं, बस्स.

मार्चमध्ये उयबान आला, घोडेवाला.
टोपी न काढताच म्हणाला,
"जमिनीवरचं काही आहे का गं?
कविता नको. जमिनीवरचं."
त्याच्या वडिलांनी खणलेल्या तळघरात
गुडघाभर पाणी शिरलं होतं.
हिवाळ्याचं मांस नासलं. वास गावभर होता,
मीच नाकाला रुमाल लावून त्याच्या दारावरून गेले होते.

कुन्नेयनं पाठ लावून कपाट तोलून धरलं,
आठवीतली पोर, पाय थरथरत होते तिचे.
आम्ही दोघांनी पुस्तक ओढून काढलं.
दोन नकाशे तिच्या डोक्यावर पडले.
उयबाननं पुठ्ठ्यावरची माती बाहीनं पुसली,
नोंदवहीत सही केली. मुदत पंधरा दिवस.

आणलं ऑगस्टमध्ये.
आणि पानोपानी समासात पेन्सिल!

पान ४१. 'कायमची गोठलेली' याखाली रेघ.
बाजूला: माझ्या आईचीही हीच समजूत होती.
पान ११८, खोलीचा तक्ता:
आमच्याकडे जास्त. पहार घालून पाहिली. छातीपर्यंत.
पान २०३, नुकसान, रस्ते, इमारती, रुबलमध्ये:
घोडे मोजलेले नाहीत.
पान ३३०. काही नाही. चिरडलेला एक डास.
पान ५१२, 'शतकाच्या अखेरीस':
कोणाच्या?

पुस्तकात लिहायची मनाई आहे.
पाटी मीच रंगवली, दारावर मीच ठोकली.
दर डिसेंबरला खोडरबर घेऊन बसते
आणि प्रेमपत्रं, हिशेब, मिशा, सगळं पुसून काढते.
या वेळी ४१ वर रबर टेकवलं,
आणि चहा करायला उठले.

पुढे ते पुस्तक मात्र हातोहात जायला लागलं.
परिचारिकेनं निळ्या शाईत लिहिलं,
दवाखान्याच्या भिंतीची भेग, तारीखवार.
कुणीतरी तळ्याचं नाव घालून विचारलं,
हे कुठे गेलं?
सारगीनं पान ७७ वर: हे परीक्षेला आहे का?
खाली दुसऱ्याच्या अक्षरात: आहे.

जिल्ह्याचे तपासनीस आले,
दोन बोटांत धरून म्हणाले, बाई, हे खराब झालं.
बाद करा.
मी बाद केलं. शिक्का मारला, रीतसर.
ते आता मेजाच्या खणात असतं,
मागेल त्याला देते, नोंद करत नाही.

कपाटाखाली आता लाकडाची पाचर आहे.
दर शरदात ती कमी पडते.
कुन्नेय नवी तासते, बुडाला साल कोरते;
जुन्या तिनं खिडकीत ओळीनं मांडून ठेवल्यात.
यंदाची चार बोटं जाड. सकाळीच जुनी काढली,
नवी ठोकायची बाकी आहे,

कारण उयबान आला,
खण उघडून पुस्तक घेतलं,
आणि जमिनीवरच बसला,
कपाटाला पाठ टेकून.
हातोडी घेऊन मी उभी आहे.
एवढं पान होऊ दे त्याचं.